रेघ सरळ यावी म्हणून

उपग्रहावरून येणारं इंटरनेट किती चपळ चालतं, हे मोजायचं लेकीचं काम. खालून हाक गेली की वरून ओ यायला किती वेळ लागतो, एवढंच बघायचं. पण दिवसभर, आणि शेकडो घरांचं. त्यातलं एक घर तिच्या वडिलांचं. उपग्रहाचे संकेत पकडणारी तबकडी तिनेच त्यांच्या गच्चीवर बसवली होती.

गेल्या महिन्यापासून त्या घराची रेघ पडद्यावर एकदम सरळ येत होती, म्हणजे ओ यायला कधीच उशीर नाही. साहेब खूश. लेक मात्र कासावीस, कारण तेव्हापासूनच बाबांचा संध्याकाळचा व्हिडिओ कॉल बंद झाला होता. साध्या फोनवर "बरा आहे, ठेवतो" एवढंच. येते येते म्हणून आपण गेलो नाही, त्याचा राग धरला असणार, असं तिच्या मनाने घेतलं. बाबांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा खरा, पण असा महिनाभर टिकणारा नव्हे. शेवटी तबकडी तपासायचं निमित्त काढून तिने घर गाठलं.

घरात सगळं चिडीचूप. टीव्ही बंद, टॅबलेट कपाटात. गच्चीवर तबकडी लख्ख पुसलेली आणि कपड्यांची दोरीसुद्धा लांब हलवलेली.

"बाबा, माझ्यावर रागावलात का?"

"मी? कशाला?" बाबा गोंधळले. "तूच म्हणालीस ना, आपण बोलायला लागलो की आकडा बिघडतो. म्हटलं, आपल्या बडबडीपायी पोरीच्या नोकरीवर गदा नको."

तिला हसू आलं आणि रडूही. थट्टेतलं वाक्य बाबा ब्रह्मवाक्य धरून बसले होते.

"अहो, माणसं बोलत असताना लाइन तग धरते का, तेच तर मोजायचंय. रिकाम्या रस्त्यावर गाडी कोणाचीही पळते."

"म्हणजे माझं बोलणं कामाचं होतं?"

"कामाचं नसतं तरी बोलायचं होतंत, बाबा. मला करमत नव्हतं."

बाबांनी कपाटातून टॅबलेट काढला आणि "बघू तरी, चालतंय का," असं पुटपुटत आतल्या खोलीत गेले.

तिचा फोन वाजला, तिने उचलला. बाबांचा आवाज आधी दारातून आला आणि मग आकाशात फेरी मारून फोनमधून.

"पुन्हा कधी येशील?"

तिने खांद्यावरची पिशवीही अजून उतरवली नव्हती. समोरासमोर हा प्रश्न बाबांनी आयुष्यात कधी विचारला नव्हता. तो दोनदा ऐकून तिने फोन ठेवला आणि उत्तर द्यायला आत गेली.