किलोसायकल बाबाचा दिवा

आष्ट्याच्या गुऱ्हाळाची अंधारी खोप माणसांनी गच्च भरली होती. मांडीवर घोंगडी घेऊन बसलेला बाबा एकेका बाईच्या हातात काचेचा दिवा देई. ना तार, ना वात, तरी दिवा नारिंगी पेटे!

"पतिव्रतेच्याच हातात पेटंल!" बाबा गरजला. मागे त्याचं कागदावर काढलेलं पूजेचं यंत्र टांगलेलं: मोठ्या वर्तुळात गुंतलेली वर्तुळं नि कमानी, मधोमध कुंकू. "ओम ह्रीं क्रीं किलोसायकल स्वाहा!"

विजयमालेने हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. महायुद्धात ती बायकांच्या पलटणीत बिनतारी संदेशाच्या पेटीवर होती. किलोसायकल म्हणजे बिनतारी लहरींचं माप; हा मंत्र तिने तिथे रोज ऐकलेला, देवळात नव्हे.

मग तिची वहिनी रंगूबाई पुढे झाली. तिने सकाळीच बाबाला शिधा नाकारला होता. तिच्या हातात दिवा विझला.

विजयमालेचा थोरला भाऊ नाथाजी बायकोला म्हणाला, "आजच माहेरी चालती हो."

विजयमालेचं हसू पळालं. दिवा विझताना बाबाचा गुडघा घोंगडीखाली हललेला तिने पाहिला होता.

"बाबा, तुमीच उठून धरा की. तुमच्या हातात तर लय लखलखंल!"

"व्हय, व्हय!" गर्दी ओरडली. बाबाला उठावंच लागलं. विजयमालेने घोंगडी ओढली. खाली लष्करी बिनतारी पेटी, बॅटऱ्या, आणि एक तार कुडातून वर आढ्याला गेलेली. तिने पेटीची घुंडी फिरवली. बाबाचा दिवा पेटला. उलटी फिरवली, विझला.

"बाबा बी पतिव्रता न्हाई!" कुणीतरी खिंकाळलं.

"दादा," विजयमाला म्हणाली, "पाटाचं पाणी अरुंद सरीत सोडलं तर तुंबून मागं फिरतं न्हवं? तसंच हे. पेटीचा न् तारेचा मेळ बसला की सगळी शक्ती वरच्या तारेत जाती, जवळचा दिवा पेटतो. मेळ मोडला की शक्ती माघारी. घुंडी कुठवर फिरवायची ते काढायचा हा मागं टांगलेला तक्ता. मधला ठिपका म्हंजे पुरता मेळ, कडंला सगळं परत. आमाला पलटणीत शिकवलाय. यंत्र कसलं डोंबलाचं!"

नाथाजीची मान खाली गेली. "चुकलं माझं. चल घरी."

"थांबा," रंगूबाई म्हणाली. तिने दिवा नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वतः घुंडी धरली. दिवा पेटला, मग विझला.

"काय वं, कुठं शेण खाऊन आलायसा?"

खोप हसून लोळली. नाथाजी मात्र हसला नाही. तो त्या विझलेल्या दिव्याकडे बराच वेळ बघत राहिला.

काचेला कुणाची चाल कळत नसते. माणसांनो, बाईला घराबाहेर काढण्याआधी निदान एक प्रश्न तरी विचारा!