तळ्याला भोक पाडणारं गिरमिट

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे. लाकडाला भोकं पाडणारं नव्हे, गोठलेल्या तळ्याला पाडणारं. कॅनडाच्या उत्तरेला नेपोलियन मर्क्रेडी नावाच्या म्हाताऱ्या पोलीस शिपायाने आपल्या परसात मला घडवलं. आमच्याकडे हिवाळ्यात तळीच रस्ते होतात, आणि त्यांवरून गाड्या सोडायच्या की नाही हे पोलीस ठरवतात.

एडिथ लाव्हिओलेत नोकरीत नवी होती, तेव्हा नेपोलियनने मला तिच्या हातात दिलं. "पोरी, आधी भोक पाड, मग तोंड उघड," तो म्हणाला. "लोक तुझ्या शब्दावर चालणार आहेत."

तिने ते मनावर घेतलं. वीस हिवाळे आम्ही तळी पालथी घातली. ती गुडघे टेकून मूठ फिरवायची, मी खाली खाली जायचो, आणि अचानक पाणी हुश्श करून वर यायचं. भोकात निळा उजेड दिसायचा. त्या उजेडाचं मला वेड होतं. एडिथही क्षणभर तिथेच बसून राहायची. मग गावात जाऊन म्हाताऱ्यांबरोबर चहा प्यायची आणि स्वतः काही न विचारता ऐकत राहायची. म्हणूनच चोरांच्या आयासुद्धा तिच्याकडे आपणहून यायच्या.

हवालदाराची ती फौजदार झाली, आणि होता होता उत्तर विभागाची प्रमुख. एकतीस ठाणी तिच्या हाताखाली आली. मला पॉलिश करून तिच्या खुर्चीमागे टांगलं. पाहुणे वा वा करायचे. घसरगाडीवरचं एक यंत्र आता भोक न पाडताच बर्फ मोजू लागलं होतं. माझा त्याच्यावर राग नाही. पण पॉलिशखाली माझं पातं गंजत होतं आणि मी दिवसाढवळ्या स्वप्नं पाहत होतो. कचेरीतला गालिचा मला तळ्यासारखा दिसायचा.

मार्च महिना होता. तळ्यापलीकडच्या गावातली माणसं सहा गाड्या भरून हातखेळांच्या, म्हणजे मुठीत लपवलेली वस्तू ओळखायच्या स्पर्धेला यायची होती. यंत्राचा अहवाल चांगला होता, मात्र दोन आठवड्यांपूर्वीचा. एडिथने वाट खुली करायच्या परवानगीवर सही केली. दुपारी तळ्याकाठी राहणाऱ्या नेपोलियनचा फोन आला.

"वाटेच्या कडेला स्प्रूस झाडाच्या फांद्या कुणी रोवल्या?"

"नव्या शिपायांनी, काका. वाट दिसावी म्हणून."

"वाऱ्याच्या अंगाला, वाटेला खेटून? सगळं हिम अडून वाटेवर साचलंय. तळ्याला पांघरूण घातलंत तुम्ही, थंडी बर्फापर्यंत पोचतच नाही! खालून नदीचा प्रवाह बर्फ खातोय, आणि तू तिथे खुर्ची उबवतेस?"

एडिथने मला भिंतीवरून काढलं. आम्ही पोहोचलो तेव्हा गाड्या तळ्याच्या मध्यावर आल्या होत्या. तिने वायरलेसवर त्यांना थांबवलं. एकतीसही ठाणी ऐकत होती.

"सही तुमचीच आहे ना, मॅडम?" पुढच्या गाडीचा चालक आल्फोन्स चिडला होता.

"माझीच. न बघता केली, चूक माझी आहे. थांबा."

"पोरंबाळं गारठलीत. बर्फ पातळ असेल तर दाखवा, नाहीतर मी निघालो."

ती वाटेवरून चालत, नदी तळ्याला मिळते तिथे गेली, हिम बाजूला केलं आणि मला टेकवलं. मी घसरलो. तिने पुन्हा टेकवलं, मी पुन्हा घसरलो. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. तिसऱ्यांदा तिने सगळा भार टाकला आणि थोड्याच फेऱ्यांत पाणी वर आलं. दोन हात बर्फ हवा होता तिथे वीतभर होता.

"वीतभर," ती वायरलेसवर म्हणाली.

 मग आल्फोन्सचा आवाज आला, अगदी हळू. "माझी आई मागच्या सीटवर आहे, मॅडम." गाड्या एकामागून एक परत फिरल्या.

एडिथने वरिष्ठांना आपली चूक स्वतः लिहून कळवली. नव्या शिपायांचं नाव घेतलं नाही. तिला मिळणार होतं ते वरचं पद दुसऱ्याला मिळालं.  आता दर रविवारी ती कानस घेऊन मला धार लावते, आणि मी तिच्या गाडीत असतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं हत्यार शोभेला टांगलेलं असेल. त्याचं कौतुक कमी केलंत तरी चालेल, पण त्याला धार लावा. कारण त्या दिवशी मी दोनदा घसरलो, तेवढ्यात आल्फोन्सची गाडी हळूहळू आमच्याकडे यायला निघाली होती. एडिथने मान वर केली नव्हती. मी मात्र ती गाडी पाहिली होती.