पर्यावरणमित्र जमनाताई

"ताई, जरा हसा ना," फोटोवाला म्हणाला. मी हसले नाही.

मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने मला ‘पर्यावरणमित्र’ ठरवलं होतं. का, तर मी झरीहून तलासरीच्या बाजाराला सायकलवर भाजी नेते. "धूर नाही, आवाज नाही!" माझ्या खांद्यावर शाल टाकत मॅडम म्हणाल्या. त्यांची गाडी मात्र एसीसाठी शेजारी चालूच ठेवलेली.

कोरोनात आमची सकाळची बस बंद झाली. थोड्या दिवसांसाठी, म्हणाले होते. कोरोना गेला, बस काही आली नाही. अर्ज केला, तर म्हणे पॅसेंजर नाहीत. अरे, बसच नाही तर पॅसेंजर बसणार कशात? शेवटी भावाची जुनी सायकल काढली आणि धडपडत शिकले. बसमध्ये माझ्या दोन टोपल्या जायच्या, कॅरिअरवर एकच मावते. पाड्यात अजून "बस गेल्यावर ये" म्हणतात, म्हणजे साडेसातला.

"मग आधी कशाने जायचात?" मॅडमनी विचारलं.

"बसने. पन्नास माणसं, एकच गाडी. तेव्हा नाही कोणी शाल घेऊन आलं!"