वीस अंश सेल्सियस

सोमवारी सकाळी सात चाळीसला सिताराम सकपाळ तपासणी खोलीत शिरले. त्यांनी आधी एसी सुरू केला, बाहेरच्या चपला काढून रबरी सपाता घातल्या, साबणाने हात धुतले आणि कोरड्या फडक्याने ग्रॅनाइटचे टेबल उजवीकडून डावीकडे पुसून घेतले. भिंतीवरच्या तापमापकात एकोणतीस दिसत होते. कपाटातली मापनयंत्रे एकेक करून त्यांनी टेबलावर मांडली. त्यांच्या शेजारी शनिवारच्या लॉटमधले नमुन्यासाठी ठेवलेले दोन नट ठेवले आणि स्टुलावर बसून चहाचा थर्मास उघडला. खोली वीस अंशांवर येऊन तासभर स्थिर राहीपर्यंत ते कशालाही माप लावत नसत. बावीस वर्षे त्यांचा हाच रिवाज होता.

दिलीपने दारातून डोकावून विचारले, "काय काका, उठली का तुमची बाळं?"

"झोपलीत अजून. ताप उतरल्याशिवाय डॉक्टर पन सर्टिफिकेट देत नाय."

दिलीप त्यांच्या हाताखालचा तपासनीस होता. तो हसून निघून गेला. गाळ्यात हा विनोद रोजचाच होता.

रबाळे एमआयडीसीतला तो गाळा मितेश पाटलांचा. घणसोली गावातल्या त्यांच्या वडिलांची, हिरामणदादांची, शेती शहर वसताना गेली आणि मिळालेल्या मोबदल्यातून हा कारखाना उभा राहिला. सकपाळ चिपळूणकडून आले तेव्हापासून हिरामणदादांच्याच चाळीत भाड्याने राहत. मितेशला त्यांनी शाळेत जाताना पाहिले होते. म्हणून घरी ते त्याला 'मितेश' म्हणत आणि गाळ्याचा उंबरा ओलांडला की 'शेठ'.

या वर्षी गाळ्याला आजवरचे सर्वांत मोठे काम मिळाले होते. सहनशक्तीच्या मोटारशर्यतींच्या जागतिक हंगामात उतरणाऱ्या एका परदेशी संघासाठी चाकांचे नट बनवायचे होते. कतारपासून बहारीनपर्यंत आठ शर्यती. कुठे सहा तास, कुठे दहा, आणि जूनमध्ये फ्रान्सला सलग चोवीस तास. या गाड्यांच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो. गाडी थांबते, हवेच्या बंदुकीने नट सुटतो, चाक बदलते, नट पुन्हा बसतो, आणि गाडी तीनशेच्या वेगाकडे धावू लागते.

कतारची शर्यत गाळ्यातल्या सगळ्यांनी कँटीनमध्ये पाहिली होती. गाडी चाके बदलायला थांब्यावर आली की पोरे ओरडत, "आपला नट, आपला नट!" सकपाळ मात्र शर्यत पाहतच नव्हते. ते चाके पाहत होते. आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली होती. चालक बदलताना खाली उतरलेला माणूस लगेच निघून जात नसे. दमलेला, घामाने निथळणारा तो माणूस आत वाकून नव्या चालकाचे पट्टे आवळून देई आणि मगच बाजूला होई. घरी गेल्यावर बायकोने, राजश्रीने, विचारले होते, "कोण जिंकलं ओ?"

"ते काय माहीत नाय. चाकं बसली."

"एवढा येळ बघून हेच बघितलंत?" म्हणत ती हसत सुटली होती.

साडेनऊ वाजले. वीस अंशांवर खोली स्थिर होऊन तास झाला होता. सकपाळांनी पहिला नट उचलून मापनयंत्राखाली धरला आणि आकडा पाहून तो परत खाली ठेवला. यंत्राचे टोक पुसले, ठरलेल्या मापाच्या प्रमाण तुकड्यावर शून्य पडताळले आणि पुन्हा मोजले. मग दुसरा नट मोजला.

नटाचा व्यास ऐंशी मिलिमीटरपेक्षा जास्तीत जास्त वीस मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजारांशांनी, कमी चालत होता. शनिवारी हे दोन्ही नट दहाने कमी भरले होते. आज एक तेवीसने कमी होता, दुसरा पंचवीसने. फरक केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाहूनही कमी. पण नट चाकात सैल बसणार होता.

शनिवारी काय घडले ते आठवायला त्यांना क्षणही लागला नाही. गावदेवीची जत्रा होती. दुपारीच हिरामणदादा स्वतः गाळ्यावर आले होते. "सिताराम, सा वाजाच्या आत घरा ये. तुझे गोजरावहिनीनं चुलीवं मटन चरवलं हाय. तू येत नाय तवर मी ताटावं बसनार नाय, सांगून ठेवतंय." माणसे घरी जायला उतावीळ होती, कुरिअरची गाडी पाचला येणार होती, आणि शंभर नट धुण्याच्या गरम पाण्याच्या टाकीतून नुकते बाहेर आले होते. ते रात्रभर टेबलावर राहायला हवे होते. सकपाळांनी वीस मिनिटे पंख्याखाली ठेवून ते मोजले. हाताला गार लागत होते. पण अॅल्युमिनियमच्या पोटात ऊब होती आणि उबेने ते फुगलेले होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला उपाशी ताटकळत ठेवायचे नाही, एवढाच विचार तेव्हा त्यांच्या मनात होता.

नट शनिवारीच विमानतळाकडे गेले होते.

सकपाळ वरच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी सगळे क्रमाने सांगितले. स्वतःची बाजू सावरणारे एकही वाक्य त्यांनी जोडले नाही.

मितेशनी कपाळ चोळले. "शंभरच्या शंभर खराब आहेत का, काका?"

"माहीत नाय. म्हनून तर शंभरच्या शंभर थांबवायला पायजेत."

"ते लोक पण चेक करतातच ना!"

"आपले तपासनीचे कागद भरवशाचे निघाले म्हनून त्यांनी तिकडची तपासनी कमी केली, शेठ. तुमीच पेढे वाटले होते त्या दिवशी."

मितेश उठून खिडकीशी गेले. "बुधवारी त्यांचा फोन आहे. पुढचा सीझन फायनल करायला. दोन मशीन मी त्याच भरवशावर बुक केल्यात. गुरुवारी कळवू. तीन दिवसांनी काय फरक पडतो?"

"बुधवारी ते नट गाडीला लागनार. सरावाला."

"काका, टेन्शन मलाच आहे असं समजू नका. पण बावीस वर्षांत तुमचा एक पीस परत आला नाही. ते नावही जाईल तुमचं."

"जाईल," सकपाळ म्हणाले. "त्या गाडीत बसनाऱ्या मानसाचं नाव मला येत नाय. पन तो पट्टे आवळून बसतो तेव्हा चाकाचा विचार करत नाय. तो विचार त्यानं आपल्यावर सोडलेला असतो."

मितेशनी घड्याळ पाहिले. बेलापूरच्या एका कार्यालयात अकराची वेळ ठरली होती. त्यांनी गाडीची किल्ली उचलली आणि दारात थांबून विचारले, "तुम्ही पाठवणारच ना?"

"कागद माझ्या सहीनं गेलाय, शेठ."

मितेश जिना उतरून गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

खाली दीक्षा परदेशी पत्रव्यवहार सांभाळत असे. सकपाळ मराठीत सांगत गेले आणि ती इंग्रजीत उतरवत गेली. लॉटचा क्रमांक, नटांचे क्रमांक एक ते शंभर, शनिवारचे माप, आजचे माप, दोन्ही वेळचे तापमान, आणि शेवटी ठळक अक्षरांत, हे नट गाडीला लावू नयेत.

कारणाच्या ओळीवर दीक्षा थांबली. "काका, इथे 'तांत्रिक अडचण' लिहू का? सगळे असंच लिहितात."

"नको. तपासनिसानं धातू थंड व्हायची वाट बघितली नाय, असं लिही. खाली माझं नाव टाक."

तिने ओळ लिहिली आणि एकदा त्यांच्याकडे पाहिले. सकपाळांनी चष्मा पुसून क्रमांक पुन्हा एकदा तपासले आणि मान हलवली. दहा वाजून पन्नास मिनिटांनी पत्र गेले.

गाळ्याचा एक नियम होता. चुकीचा लॉट मंजूर करणाऱ्या तपासनिसाने पंधरा दिवस तपासणी करायची नाही. तीन वर्षांपूर्वी सकपाळांनीच तो लिहून भिंतीवर लावला होता, आणि आजवर तो एकदाच वापरला गेला होता, दिलीपसाठी. दिलीप तेव्हा महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नव्हता.

सकपाळांनी खोलीची किल्ली दिलीपच्या हातात ठेवली. "पंधरा दिवस तू बघ."

"काका, काय चेष्टा करताय? तुमाला कोन बोललं?"

"कोनी नाय बोललं. बदली नट आजपास्नं चालू होतील. ते रात्रभर टेबलावर राहू देत. मी घाई केली तरी ऐकू नको."

ते बाहेर आले. मशीनमधून निघालेल्या नटांच्या धारदार कडा कानशीने घासायच्या टेबलाशी एक जागा रिकामी होती. सकपाळांनी अंगावरचा पांढरा कोट काढून खिळ्याला लावला, निळा अॅप्रन बांधला आणि नव्या लॉटमधला पहिला नट हातात घेतला. तो अजून गरम होता. उजेडाकडे धरून त्यांनी त्याची कड पाहिली आणि कानस लावली.