लाल दिवा लागलाच नव्हता

मित्रांनो, अक्कलकोट रोडने सकाळी सोलापुरात शिरणारी, मागे निळी ताडपत्री बांधलेली आणि दारांचा रंग उडालेली एक पांढरी पिकअप तुम्हाला कधी दिसली, तर ती मीच आहे असे समजा. आज माझे वय चौदा वर्षे आहे. गाडीच्या आयुष्यात हे म्हातारपणच. पण आज मी रडगाणे गायला आलेली नाही. माझ्या मनावरचे एक ओझे नुकतेच उतरले आहे, त्याची हकिगत मला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. पत्र्यावर बसलेला रंगाचा फवारा आणि पहिल्यांदा इंजिन सुरू झाले तेव्हा अंगभर उठलेली थरथर, एवढेच लक्षात आहे. तिथून मला वळसंगच्या गुरुबसप्पांनी घरी आणले. त्यांच्या पत्नी गौरम्मा यांनी माझ्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिले आणि चाकाखाली लिंबू ठेवले. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

गौरम्मांचा कडक भाकरीचा धंदा आहे. गावातल्या सहा बायका त्यांच्याकडे ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापतात आणि पापडासारख्या कुरकुरीत होईपर्यंत भाजतात. ही भाकरी महिनाभर टिकते, पण जरा धक्का लागला की तिचा चुरा होतो. ती खोक्यांत भरून सोलापूरच्या दुकानांत पोचवणे हे माझे काम. त्यामुळे गुरुबसप्पांचा पाय ब्रेकवर फार हलका पडू लागला. दुकानदार म्हणत, "गुरुअण्णांची गाडी म्हंजे पाळणा हाय की!" ते ऐकून मला खूप आनंद होई.

गुरुबसप्पांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. "चौदा वर्सं झाली, माझ्या गाडीनं कुणाला ओरखडा काडला न्हाय," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते माझे टायर बघत, तेल बघत, काचा पुसत. पण चालवणारा माणूस पुढे बसतो. ब्रेक दाबल्यावर माझ्या पाठीमागे काय होते, ते त्यांना कधी दिसलेच नाही.

मित्रांनो, ब्रेकच्या पेडलच्या वर, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी, एक अंगठ्याएवढा स्विच असतो. चालकाने ब्रेक दाबला की तो स्विच मागचे लाल दिवे लावतो. 'मी थांबते आहे, तुम्हीही थांबा' असे मागच्याला सांगण्याची माझी हीच भाषा. गेल्या दिवाळीपासून माझा तो स्विच आतून झिजला होता. कधी दिवे लागत, कधी लागत नसत. मला ते कळत होते, पण सांगणार कशी? मला तोंड नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी व्हायचे ते झाले. एमआयडीसीच्या चौकाजवळ अचानक एक हातगाडी आडवी आली. गुरुबसप्पांनी वेळेवर ब्रेक लावला आणि मी थांबले. पण माझे दिवे लागले नाहीत. पुढच्याच क्षणी एक स्कूटर मागून माझ्यावर आदळली. तिच्यावर टॉवेलच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या रशीदाबाई होत्या आणि मागे त्यांची दहा वर्षांची मुलगी नाजनीन. नाजनीन रस्त्यावर पडली. तिचा गुडघा सोलला, डबा उघडून भात सगळीकडे सांडला. फार मोठी इजा झाली नाही, पण माझा जीव अर्धा झाला.

चौकातल्या चहाच्या टपरीवरची माणसे धावत आली. आधी त्यांनी मुलीला उचलले. मग सगळे रशीदाबाईंवर तुटून पडले.

"मागून धडकलीस म्हंजे चूक तुझीच. लेकरू मागं बसवून कुटं बघत हुतीस?"

"अहो, यांच्या गाडीचा लाल दिवा लागलाच नाही," रशीदाबाई म्हणाल्या. "लागला असता तर मी थांबले नसते का?"

गुरुबसप्पांचा चेहरा लाल झाला. "माझी गाडी मला ठावं हाय. खोटं बोलू नका, ताई."

नाजनीन रडता रडता म्हणाली, "अम्मी, लाल बत्ती जलीच नै." पण लहान मुलीचे कोण ऐकतो? कुणीतरी रशीदाबाईंना स्कूटर उभी करून दिली. "मला टॉवेलच्या कारखान्यात जायला उशीर होतोय," एवढे पुटपुटून त्या मुलीला घेऊन, मान खाली घालून निघून गेल्या. त्या खरे बोलल्या होत्या आणि तरी खोट्या ठरल्या. माझ्या चौदा वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर गुरुबसप्पांनी गौरम्मांना सगळे सांगितले. गौरम्मा पीठ चाळता चाळता थांबल्या.

"अय्यो! बाई एक वेळ बोलंल खोटं. पडलेलं लेकरू कशाला बोलंल?"

"बग तर मग," म्हणत गुरुबसप्पांनी मला भिंतीला पाठ करून उभे केले आणि ब्रेक दाबला. नेमके तेव्हा दिवे लागले! भिंत लालभडक झाली. "बग, लागतोय की!" ते म्हणाले. पण त्यांना जेवण गेले नाही. सकाळी खोकी पोचवून झाल्यावर त्यांनी मला तडक हुसेनसाबांच्या शेडमध्ये नेले.

हुसेनसाब गाड्यांची वायरिंगची कामे करतात. वय साठीच्या पुढचे, बोलणे कमी, घाई अजिबात नाही. सगळी हकिगत ऐकून ते माझ्या मागे एका उलट्या क्रेटवर बसले.

"अण्णा, तुम्ही ब्रेक दाबत राहा. मी बघतो."

एकदा, दोनदा, पाचदा, दहादा. दर वेळी दिवे लागले. गुरुबसप्पा खिडकीतून हसत म्हणाले, "बगा! मी म्हनत नव्हतो?"

"दाबा की अजून."

"दाबला की."

"नै जला, अण्णा," हुसेनसाब शांतपणे म्हणाले.

गुरुबसप्पांचे हसू मावळले. हुसेनसाबांनी आधी मागचे बल्ब काढून पाहिले. बल्ब चांगले होते. फ्यूज पाहिला, तोही चांगला. मग ते पाय दाराबाहेर ठेवून ब्रेकच्या पेडलपाशी आडवे झाले. एका वायरीला जोडलेला छोटा दिवा त्यांनी स्विचच्या एका तारेला लावला. तो लागला. "हितपर्यंत करंट येतोय." दुसऱ्या तारेला लावून ब्रेक दाबायला सांगितला. लागला. पुन्हा दाबला, नाही लागला. पेचकसच्या मुठीने स्विचवर हलकेच ठोकले, तेव्हा पुन्हा लागला. शेवटी त्यांनी दोन्ही तारा स्विचवरून काढून एकमेकींना जोडल्या. माझे दोन्ही लाल दिवे न लुकलुकता पेटून राहिले.

"बल्ब बरा, वायर बरी. हा स्विच गेलाय. मनात आलं तर दिवा लावतो, नाही तर नाही."

गुरुबसप्पा खाली उतरून माझ्या मागे आले आणि त्या दिव्यांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजे ती बाई खरं बोलत हुती."

"व्हय."

"आणि मी तिला चारचौघांत खोटं पाडलं."

हुसेनसाबांनी जुना स्विच काढून नवा बसवला. पहिल्यांदा तो पेडलपासून जरा मागे राहिला, त्यामुळे पाय काढला तरी दिवे चालूच राहिले. मग स्विच अर्धा फेरा फिरवून पुढे घेत त्यांनी नट आवळला. आता पाय नुसता टेकला की दिवे लागत, उचलला की विझत. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. मला तासभर फिरवून आणायला लावून त्यांनी पुन्हा पन्नास वेळा ब्रेक दाबायला लावला. पन्नासही वेळा दिवे लागले. मित्रांनो, कित्येक महिन्यांनी माझी वाचा मला परत मिळाली.

दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पा आणि गौरम्मा मला घेऊन टॉवेलच्या कारखान्याच्या फाटकापाशी थांबले. रशीदाबाई चालत येताना दिसल्या. गुरुबसप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

"ताई, त्या दिवशी चूक माझी हुती. दिवा खरंच लागत नव्हता. मी तुमाला खोटं म्हनलो. माफ करा."

रशीदाबाई फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. "मला वाटलं, माझीच नजर गेली. स्कूटर घरात लावून टाकली. नाजनीनला परत कधी मागं बसवायचं नाही, असं ठरवलं होतं." गौरम्मा त्यांच्या शेजारी बसल्या आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या.

थोड्या वेळाने रशीदाबाईंनी विचारले, "अण्णा, हे त्या चौकातल्या माणसांना सांगाल?"

गुरुबसप्पांना ते सोपे नव्हते. पण रशीदाबाईंना बरोबर घेऊन ते गेले. टपरीपुढे मला उभे करून ऐन चहाच्या वेळी मोठ्याने म्हणाले, "मंगळवारी त्या ताईंची चूक नव्हती. माझ्या गाडीचा स्विच गेला हुता. बोल लावायचा तर मला लावा." टपरीवरचा एक जण म्हणाला, "आमीबी उगंच बोललो त्यांना." रशीदाबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

आता सकाळी खोकी भरून झाली की गौरम्मा माझ्या मागे उभ्या राहतात. गुरुबसप्पा ब्रेक दाबतात, गौरम्मा "व्हय" म्हणतात आणि मगच मी निघते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी गाडी असेल. ती बोलू शकत नाही आणि चालवणाऱ्याला तिची पाठ दिसत नाही. म्हणून आज घरी गेलात की वडीलधाऱ्यांना ब्रेक दाबायला सांगा आणि बंद गाडीच्या मागे, जरा लांब उभे राहून बघा. दिवा लागला नाही तर सांगा. त्यांनी ऐकले नाही तर पुन्हा सांगा.

गेल्या सोमवारी मी सिग्नलला थांबले, तेव्हा माझ्या मागे दोन हात अंतर ठेवून एक स्कूटर थांबली. रशीदाबाई चालवत होत्या. मागे बसलेली नाजनीन एक हात त्यांच्या कमरेला घालून शाळेची कविता पाठ करत होती.