माझ्या नावाला अर्थ होता

मित्रांनो, मी एक जुना डोंगरी किल्ला आहे. 'आहे' म्हणायची मला सवय आहे. खरं तर 'होतो' म्हणायला हवं. वेल्सच्या उत्तरेला, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या डोंगराच्या माथ्यावर माझा तट होता. आज तिथे खाणीचा खड्डा आहे आणि खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी आहे.

मला कोणा बादशहाने बांधलं नाही. इथल्याच मेंढपाळांनी आणि लोहारांनी बांधलं. चुना नाही, गारा नाही, नुसता दगडावर दगड. आत गवती छपरांच्या गोल झोपड्या होत्या आणि चुलीवर सातूची पेज रटरटत असे. शत्रू आला की गुरंढोरं आत घ्यायची आणि पूर्वेचा दरवाजा लावायचा, एवढंच माझं काम. मी ते इमानाने केलं.

मग रोमन फौजा आल्या. त्यांनी दरवाजा जाळला. माणसं खाली उतरली आणि पुन्हा वर राहायला आली नाहीत. पण ती मला विसरली नाहीत. त्यांच्या वेल्श भाषेत किल्ल्याला 'गाइर' म्हणतात. पायथ्याशी गाव वसलं, ते लान-गाइर. ओढा वाहिला, तो नांत-गाइर. माझ्या उतारावरच्या एकुलत्या घराचं नाव तीर-गाइर, म्हणजे किल्ल्याचं घर. जळालेल्या दरवाज्यासमोरच्या शेताला तर सगळे 'पोर्थ' म्हणत. पोर्थ म्हणजे दरवाजा. तिथे दरवाजा कोणीच पाहिला नव्हता, तरी "यंदा पोर्थमध्ये बटाटे लावलेत" असं बाप लेकाला सांगत राहिला. माझे दगड ढासळत होते, पण माणसांच्या तोंडात मी शाबूत होतो.

पुढे शहरांना रस्त्यांसाठी खडी हवी झाली. डोंगराच्या पश्चिमेला खाण सुरू झाली आणि माझा तट गाड्यांत भरून जाऊ लागला. रोमनांवर माझा राग नाही. ते परके होते. मला फोडणारे हात मात्र मला बांधणाऱ्यांच्याच वंशातले होते. ते घाम पुसत एकमेकांना गावा-घराच्या नावाने हाका मारत, तेव्हा त्या हाकांमध्येही माझं नाव असे.

तीर-गाइरमध्ये दोघं भावंडं राहत, इदवाल आणि त्याची धाकटी बहीण मेरेरिद. लहानपणी दोघं माझ्या पूर्वेच्या दरवाज्याच्या उरलेल्या दगडी भिंतींत खेळत. दरवाज्याच्या कुशीत पहारेकऱ्याची अर्धी बुजलेली खोली होती. इदवाल तिथे काठी घेऊन उभा राही आणि मेरेरिदला आत येऊ देत नसे. मोठेपणी तो खाणीचा मुकादम झाला. सुरुंग तोच भरायचा, म्हणून गाव त्याला 'इदवाल सुरुंग' म्हणू लागलं. मेरेरिदने लग्न केलं नाही. ती चॅपेलमध्ये प्रार्थनेला पेटी वाजवायची.

महायुद्ध संपलं आणि खाणवाल्यांनी उरलेला माथा मागितला, म्हणजे माझा पूर्वेचा दरवाजा. तिथे काही जुनं बांधकाम आहे का, हे पाहायला लंडनहून एक साहेब आला. खाणीतले कामगार टोप्या हातात धरून भोवती उभे राहिले. मेरेरिदही धापा टाकत वर आली.

साहेब म्हणाला, "नकाशात इथे काहीच दाखवलेलं नाही. मला तर हा नुसता ढिगारा दिसतो."

"मग आमचं गाव लान-गाइर कसं?" मेरेरिद म्हणाली. "कुठल्या गाइरचं? ओढा कुठल्या गाइरचा? साहेब, कागदावर नसेल, पण आमच्या बोलण्यात आहे ना!"

एलिस नावाचा कामगार मागून ओरडला, "मेरेरिद, तुझ्या त्या किल्ल्याच्या राजाला सांग, शनिवारी आमचा पगार तू वाट म्हणावं!" सगळे हसले. मेरेरिद हसली नाही.

साहेब इदवालकडे वळला. "मुकादम, तुम्ही इथेच वाढलात. इथे किल्ला होता का?"

इदवालने कामगारांकडे पाहिलं. त्यांच्या घरी चुली होत्या, पोरं होती. मला ते कळत होतं, मित्रांनो. मीही एके काळी चुली राखल्या होत्या. त्याने बहिणीकडे मात्र पाहिलं नाही.

"मेंढ्यांचा जुना कोंडवाडा आहे, साहेब," तो म्हणाला.

माझ्या दरवाज्याला सुरुंग इदवालनेच लावला. धूळ बसल्यावर पहारेकऱ्याच्या खोलीत गोल गुळगुळीत दगडांची रास उघडी पडली. समुद्रावरून वेचून आणलेले, गोफणीचे दगड. रोमनांच्या हल्ल्यात ते फेकायची वेळ यायच्या आतच दरवाजा पडला होता, म्हणून ते तसेच रचलेले राहिले होते. इदवालने त्यातला एक हातात घेऊन पाहिला. कोंडवाड्यात गोफणीचे दगड नसतात, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. मग त्याने फावडं उचललं आणि सगळी रास खडीच्या गाडीत लोटली.

त्या दिवसापासून मेरेरिद त्याच्याशी बोलली नाही. घर एक, टेबल एक. ती त्याच्यापुढे मटणाचा रस्सा ठेवी आणि कुत्र्याला म्हणे, "सांग त्याला, गार होतोय." इदवालही कुत्र्यालाच म्हणे, "मीठ कमी आहे म्हणावं." कुत्रा म्हातारा होऊन मेला. त्यानंतर ते घर मुकंच झालं.

ज्या चुलींसाठी मी गेलो, त्या तरी पेटत्या राहाव्यात, असं मला वाटे. पण दुसरीकडे खडी स्वस्त मिळू लागली आणि खाण बंद पडली. एलिस मुलाबाळांना घेऊन दूरच्या कारखान्यात कामाला गेला, तो परतला नाही. घरामागून घर रिकामं होत गेलं. इदवालच्या छातीत दगडाची धूळ बसली होती. खाण गेल्यावर तो मेंढ्या राखू लागला, पण त्यांच्यामागे त्याला चढ चढवेना. शेवटी घर विकायचं ठरलं.

बर्मिंगहॅमहून एक जोडपं घर पाहायला आलं. माणसं चांगली होती. त्यांनी खिडकीतून समुद्र पाहिला, मेरेरिदच्या हातच्या केकचं कौतुक केलं. निघताना बाई फाटकापाशी थांबली. पाटीवरचं नाव उच्चारायचा तिने दोनदा प्रयत्न केला आणि स्वतःलाच हसली.

"छान वाटतं ऐकायला," ती इदवालला म्हणाली. "याचा अर्थ काय हो?"

मेरेरिद दारात उभी होती. मी वरून ऐकत होतो. इदवालने डोंगराकडे पाहिलं. अर्थ सांगितला असता तर बाईने लगेच पुढचं विचारलं असतं, मग किल्ला कुठे आहे?

"काही अर्थ नाही," तो म्हणाला. "नुसतं नाव आहे."

"मग बदललं तर चालेल ना तुम्हाला?"

"चालेल की."

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली. तेव्हा मेरेरिद इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भावाशी बोलली, आमच्या भाषेत, हळू आवाजात. "सुरुंगातून जेवढं उरलं होतं, इदवाल, तेवढं आज तोंडाने पाडलंस."

इदवालला खोकल्याची उबळ आली आणि तो फाटकाला धरून उभा राहिला. मेरेरिद आत निघून गेली.

आता त्या फाटकावर 'सी व्ह्यू' लिहिलं आहे. पोर्थमध्ये सुट्टीला आलेल्यांच्या गाड्या उभ्या राहतात. ओढ्याला नुसतं 'ओढा' म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या गावाच्या, पाणवठ्याच्या, एखाद्या शेताच्या नावातही माझ्यासारखं कोणी जीव धरून बसलेलं असेल. त्याचे दगड राखणं तुमच्या हातात नसेल. पोटासाठी माणसाला काय काय विकावं लागतं, ते मी पाहिलं आहे. पण कोणी त्या नावाचा अर्थ विचारला, तर सांगा. त्यावर पुढचा प्रश्न येईल, त्याचंही उत्तर द्या. लाज वाटली तर लाजत सांगा, पण सांगा.