हवेत राहिलेला बोकड

मित्रांनो, मी एक जुने रीळ आहे. पत्र्याच्या गोल डब्यात गुंडाळून ठेवतात ते सिनेमाचे रीळ. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा फार सोशिक असतात. फाटकी छत्री म्हणते, मी कृतार्थ झाले. झिजलेला फळा म्हणतो, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. माझी आहे. माझा राग सात वर्षे डब्यात लोणच्यासारखा मुरला आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

तुम्ही ज्याला कार्टून म्हणता ते माझ्यात आहे. आमच्या भागात त्याला कुणी कार्टून म्हणत नसे. 'बोकडाचा शिनेमा' म्हणत. दूर परदेशातल्या एका शहरात वीस-पंचवीस माणसांनी मान मोडेपर्यंत बसून माझी चित्रे काढली, हजारो चित्रे. एका बाईने तर सहा महिने फक्त बोकडाची दाढी रंगवली. माझ्यात बोललेला शब्द एकही नाही, नुसती वाजंत्री. त्यामुळे मी बारामतीच्या पोराला जितके समजते तितकेच त्या परदेशी पोरालाही.

गोष्ट साधी आहे. एक खादाड बोकड शिंप्याच्या दुकानात शिरतो. टोपी खातो, फीत खातो, गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही खातो. शिंपी कात्री घेऊन मागे लागतो. बोकड या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत गावातल्या सगळ्यात उंच छपराच्या टोकाला पोहोचतो. पुढे काही नाही, मागे शिंपी. बोकड डोळे मिटतो आणि उडी मारतो.

शेवट मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, कारण लपवून ठेवण्याचा मला वीट आला आहे. बोकडाला हवेत पाहिल्याबरोबर शिंप्याचा राग पळतो. तो कात्री फेकून देतो, धडाधडा जिना उतरतो, बायकोला हाक मारतो, आणि दोघे मिळून दुकानातली अर्धवट शिवलेली चादर खाली ताणून धरतात. बोकड तिच्यात पडतो, दोनदा उसळतो, मग तीच चादर खायला लागतो. शिंपी कपाळाला हात लावतो. संपले. आठ मिनिटांचा खेळ, त्यातली ही शेवटची दोन मिनिटे.

ही दोन मिनिटे बारामती आणि इंदापूर तालुक्यात कित्येक वर्षे कुणी पाहिली नाहीत. का ते ऐका.

कुंडलिकराव नावाच्या गृहस्थांचे तंबूचे थेटर होते. गावोगावच्या जत्रेत तंबू ठोकायचा, मशीन लावायचे, देवादिकांचा सिनेमा दाखवायचा. मुंबईहून असाच एक मोठा सिनेमा आणताना त्यांनी मलाही आणले. मशीन चालवायला गेणू होता. हात सफाईदार, माणूस सरळ, पण मालकाच्या शब्दाबाहेर जायची हिंमत नाही.

आता गावची रीत अशी, की पडद्यापुढे पाटलांनी नारळ फोडल्याशिवाय मुख्य खेळ सुरू करायचा नाही. आणि पाटलांची रीत अशी, की तंबू भरल्याशिवाय घरातून निघायचे नाही. पुढे जमिनीवर बसलेली पोरे तोवर धूळ उडवायची, एकमेकांच्या टोप्या फेकायची. त्यांना गप्प बसवण्यासाठी मला लावत. रडणाऱ्या पोराच्या हातात गुळाचा खडा द्यावा तसे. पाटील तंबूच्या दाराशी दिसले, की कुंडलिकराव हात वर करत.

"पाटील आलं. तोड तो बोकड."

गेणू मशीन थांबवी. पाटील हार घालून घेत, नारळ फोडत, खुर्चीत बसत, आणि देवांचा सिनेमा सुरू होई. पाटलांच्या चालीचा आणि माझ्या लांबीचा काय मेळ होता कोण जाणे, पण गाव कुठलेही असो, बोकड उडी मारायचा आणि पाटील यायचे. कधी थोडे आधी, कधी उडीनंतर दोन क्षणांनी. चादरीपर्यंत बोकड कधी आलाच नाही. मशीन थांबवले की दिव्याची धग एकाच चित्रावर लागे, ते करपे, मग गेणू करपलेला तुकडा कापून जोड देई. बोकड हवेत जातो तिथे माझ्या अंगावर चार जोड आहेत. माझा पहिला भाग ओरखड्यांनी भरून गेला, पडद्यावर पाऊस पडल्यासारखा दिसे. शेवटचा भाग मात्र कोरा करकरीत राहिला. त्याचा मला अभिमान वाटायला हवा होता का? मला लाज वाटे.

सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे पाटलांनाही बोकड कधी दिसला नाही. ते आले की तो बंद. ज्यांच्या मानासाठी मला तोडत, त्यांना मी आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते.

एकावन्न सालच्या चैत्रात आमचा तंबू सांगवीच्या जत्रेत होता. तिथे झुंबर नावाचा माळवे, म्हणजे भाजीपाला, पिकवणारा शेतकरी होता. त्याची बारा वर्षांची सारजा आणि सहा वर्षांचा बिरू पडद्यापासून चार हातांवर बसले होते. बिरू तोंड उघडे टाकून बघत होता. बोकडाने डोळे मिटले, उडी मारली, आणि कुंडलिकरावांचा हात वर गेला.

देव आले, राक्षस आले, तंबूने टाळ्या वाजवल्या. बिरूने पडद्याकडे पाहिलेच नाही. तो बहिणीचा परकर ओढत राहिला.

"आक्का, बोकडाचं काय झालं?"

"गप बस. काय हुतंय त्येला? पडला आन् उठून पळाला."

"लागलं न्हाय?"

"न्हाय लागलं. बोकडाला लागत न्हाय. आता बग की म्होरं."

मी तेव्हा गेणूच्या पायाशी उघड्या डब्यात पडले होते. चादर आहे रे, खाली चादर आहे, असे ओरडावेसे वाटले. रिळाला तोंड नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुंबर तंबूवर आला. डोक्याला मुंडासे नव्हते, पायात वहाण नव्हती. तो कुंडलिकरावांना म्हणाला, "तुमच्या त्या बोकडानं माझ्या पोराचा पाय मोडला."

हकीकत अशी होती. सकाळी बिरू शिडीने घराच्या माळवदावर, मातीच्या सपाट छपरावर, चढला. खाली अंगणात सारजा होती. मी बोकड हाय, म्हणून त्याने वरून हाक दिली, आणि सारजा हसून म्हणाली, मार उडी. ती थट्टेत म्हणाली. त्याने डोळे मिटले आणि मारली.

हाडवैद्याने पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळले, पण वाकडे जुळले.

कुंडलिकराव घाबरले. झुंबरला हात जोडले, आणि गेणूला सांगितले, "हा बोकड बंद. पुन्यांदा मशीनवर दिसायचा न्हाय."

मित्रांनो, न्याय बघा. मला अर्धे दाखवले म्हणून पोर पडले, आणि शिक्षा कुणाला? मला. पाटलांना कुणी विचारले नाही, कुंडलिकरावांना कुणी विचारले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मग सात वर्षे डबा. बारामतीच्या गोदामात, तंबूच्या फाटक्या कनातीखाली. उन्हाळ्यात पत्रा तापे आणि माझे वेढे घामेजून एकमेकांना चिकटत. अंगाला आंबूस वास यायला लागला. कडा ठिसूळ झाल्या. दरम्यान गावात पक्के थेटर झाले, खुर्च्यांचे. कुंडलिकरावांचा तंबू बसला, आणि गोदाम सांभाळायला तेवढा गेणू उरला.

एकदा तिथे रघुनाथराव नावाचे एक तरुण गृहस्थ आले. भवानीनगरला साखर कारखान्यात कारकून होते. कुणाच्या लग्नासाठी कनात मागायला आले होते. डब्यावरचा बोकडाचा कागद पाहून ते तिथेच उकिडवे बसले.

"गेणूतात्या, हा तो बोकड का? अहो, आमचं लहानपण म्हणजे हा बोकड. काय दिवस होते. आता ती मजा राहिली नाही."

त्यांचे डोळे पाणावले. माझ्या डब्यावरची धूळ त्यांनी रुमालाने पुसली. मला वाटले, आता म्हणतील, एकदा लावा बघू. ते उठले, कनात घेतली आणि गेले. झाकणसुद्धा उघडले नाही. असे किती तरी जण येऊन गेले. सगळे उसासे टाकतात, सगळ्यांना मी प्रिय आहे, आणि एकानेही कधी विचारले नाही की त्या बोकडाचे पुढे झाले काय. अर्ध्या गोष्टीवर एवढे प्रेम करणारी माणसे पाहिली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

रघुनाथरावांच्या हातून एक काम मात्र नकळत झाले. त्यांनी भवानीनगरच्या वसाहतीत गप्पा मारताना सांगितले, की बोकडाचा डबा अजून बारामतीत आहे. शेजारच्या खोलीत सारजा राहत होती. लग्न होऊन ती तिथे आली होती, नवरा कारखान्यात कामाला होता.

अठ्ठावन्न सालच्या पौषात, बाजाराच्या दिवशी, सारजा गोदामाच्या दारात उभी राहिली. तिच्या मागे तेरा वर्षांचा बिरू होता. एक पाय ओढत चालत होता.

"गेणूतात्या, मी सांगवीच्या झुंबरची सारजा. ह्यो बिरू."

गेणूने बिरूच्या पायाकडे पाहिले आणि नजर खाली घातली.

"आमाला बोकड बगायचाय. पुरा."

"पोरी, रीळ कुजलंय. मशीनचा पट्टा तुटलाय. एकदा फिरवलं तर फिरंल, मागनं तुकडंच हुतील."

"एकदाच बगायचंय. सात वरसं ह्यो मला इचारतोय, आक्का, बोकडाला खरंच लागलं न्हवतं का गं? मी त्येला खोटं सांगितलं का खरं, ते मला ठावं न्हाय, तात्या. मला नीट जेवन जात न्हाय."

गेणू उठला. त्याने खिडक्यांना पोती लावली, भिंतीवर आपले दुसरे धोतर ताणून बांधले, अंगणातले विजेचे इंजिन सुरू करून मशीनचा दिवा लावला. पट्टा नव्हता म्हणून मशीन हातानेच फिरवायला घेतले.

मला फार भीती वाटत होती. कडा कडकड वाजत होत्या. टोपी गेली, फीत गेली, कोटाची बाही गेली. बिरू सहा वर्षांच्या पोरासारखा तोंड उघडे टाकून बसला होता. छपराचे टोक आले. बोकडाने डोळे मिटले. पहिला जोड गेला, दुसरा गेला. गेणूचा हात सवयीने तिथे अडखळला. त्याने ओठ दाबला आणि फिरवत राहिला.

आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, माझा शेवट प्रकाशात आला. एक ओरखडा नाही, एक डाग नाही. शिंप्याने कात्री फेकली. जिना उतरला. बायको धावली. चादर ताणली. बोकड तिच्यात पडला, दोनदा उसळला आणि चादर खायला लागला.

बिरू खदखदून हसला. "लागलं न्हाय, आक्का. तू खरंच सांगितलं हुतंस."

सारजा हसली नाही. ती धोतराच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत होती.

"खाली धरायचं असतं व्हय," ती म्हणाली. "बिरू, मी खालीच हुते रं. गोधड्या वाळत घालत हुते. माझ्या हातात गोधडीच हुती."

"तुला कुठं ठावं हुतं, आक्का?" बिरू म्हणाला. "आपल्याला दावलंच न्हवतं कुनी."

गेणूने दिवा बंद केला. मशीनचा दांडा हातात तसाच धरून तो पाठमोरा उभा राहिला. मला डब्यात ठेवायला गेला तेव्हा माझे तीन तुकडे झाले होते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मला आता जपून काही उपयोग नाही, आणि माझी आठवण काढून उसासे तर मुळीच टाकू नका. मोठी माणसे येतील, त्यांना हार घाला, खुर्ची द्या, नारळ द्या. फक्त समोर एखादे पोर मान वर करून काही बघत असेल, तर त्याचे बघून होऊ द्या. पाटील दारात दोन मिनिटे उभे राहिले असते, तर त्यांचा मान कमी झाला नसता. आणि त्या दिवशी गोदामातून बाहेर पडताना बिरूला बहिणीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला नसता.